काळी जीभ आणि पांढरा अंगारा

तळखारच्या मारुतीच्या देवळापुढे त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. अलिबाग-मांडवा रस्त्यावरचे मिनीडोरवाले गाड्या थांबवून विचारत होते, "काय, सभा आहे का कुणाची?" सभा नव्हती. देवळापुढं घातलेल्या मांडवात काचेच्या बरणीत एक अंडं ठेवलं होतं आणि सगळं गाव त्या अंड्याकडे डोळे लावून बसलं होतं.

बरणीत पाण्यासारखं स्वच्छ तीर्थ होतं आणि अंड्याच्या सगळ्या अंगातून बुडबुडे निघत होते. बारीक बारीक, हजारो, थांबायचं नाव नाही. बरणीमागे वाघाच्या छापाच्या ब्लँकेटवर कवचबाबा बसले होते. गळ्यात शंखांची माळ, मनगटावर भारी घड्याळ, समोर माईक.

"बघा," बाबा माईकमध्ये म्हणाले, "करणी श्वास सोडते आहे. ऐका नीट. अंड्याला काय असतं? कवच. माणसाला काय असतं? कवच. घराला, गावाला काय असतं? कवच. परदेशात यालाच ऑरा म्हणतात, मशीनवर मोजतात. आपल्याकडे मशीन लागत नाही. आपल्याकडे कोंबडी सांगते. अंड्याचं कवच गेलं की समजा, घराचं कवच फाटलं."

बाजूला दुसरी बरणी होती. तीर्थ तेच, अंडं बाबांच्या मठातलं. त्यातून एक बुडबुडा निघत नव्हता. माणसं या बरणीकडे बघत, त्या बरणीकडे बघत आणि हात जोडत. तीर्थाला बोट लावायची मात्र कुणाला परवानगी नव्हती. ज्याच्या अंगात दोष आहे त्याची जीभ तीर्थानं जळते, असं बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आता असं सांगितल्यावर बोट कोण लावतो? आपल्या अंगात दोष नाही याची खात्री कुणाला असते? बाबा कच्च्या गुरूचा चेला नव्हता.

पहिल्या रांगेत कल्पिता बसली होती. मांडीवर टोपली, टोपलीत तिच्या कोंबड्यांची अंडी. बरणीतलं अंडंही तिचंच होतं. कवच आधीच कागदाइतकं पातळ. तासभर जप झाला, टाळ झाले, आणि बाबांनी अंडं बाहेर काढलं तेव्हा कवच उरलंच नव्हतं. ओलं, थुलथुलीत, आतला पिवळा बलक दिसणारं अंडं बाबांच्या तळहातावर हलत होतं. बायकांनी डोळे मिटून घेतले.

"ही कुणाची तरी काळी जीभ आहे," बाबा हळू आवाजात म्हणाले. "बायांनो, आठवा. तुमची अंडी बिघडणार, असं आधी कोण बोललं होतं?"

कल्पिताच्या घरात चौदा कोंबड्या मेल्या होत्या. कोंबड्या पाळणाऱ्या बायकांच्या गटातल्या आठही घरांत हीच कळा होती आणि त्या गटाची अध्यक्ष ती. पंधरा दिवस ती धड जेवली नव्हती. प्रश्न कानावर पडला आणि उत्तर तिच्या तोंडून निघून गेलं, तिला कळायच्या आत.

"आमच्या आई बोलल्या होत्या."

आई म्हणजे तिची सासू, सगुणाबाई. मांडवाच्या कडेला, बायकांच्या मागं उभी होती. सगळ्या माना एकदम तिकडं वळल्या.

आता ही सगुणाबाई काय बोलली होती ते सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्या दोन-चार वाक्यांवरून झालं.

तीन वर्षांपूर्वी तळखारच्या आठ घरांतल्या बायकांनी गट करून अंड्याच्या कोंबड्या आणल्या. घरटी शंभर-सव्वाशे. अंडी किनाऱ्यावरच्या बंगल्यांत आणि हॉटेलांत जात. सगुणाबाई ओहोटीला खाडीच्या खडकांवर बसून कालवं काढी. कालवाचं मांस घरात जाई आणि रिकामे शिंपले ती उन्हात वाळवून, उखळीत कुटून आठही घरांना वाटी. संध्याकाळी मूठमूठ चुरा टाकला की कोंबड्या त्यावर तुटून पडत. अंडं असं व्हायचं की भांड्याच्या काठावर दोनदा आपटावं लागे.

मग दिवाळीनंतर विपुल आला. विपुल म्हणजे गावकीचे म्होरके बुधाजी यांचा पुतण्या, रस्त्यावर कोंबडीखाद्याचं दुकान. त्यानं नवीन पुडी आणली. "वहिनी, यात एन्झाइम हाय. कोंड्यात अडकून बसलेलं खनिज ते मोकळं करतं. आता मिनरल मिक्श्चर निम्मं टाका. आणि ती शिंपल्याची घाण बंद करा. बंगल्यातले लोक शेड बघायला येतात, माशा बघून जातात."

पुडीवर बारीक अक्षरात बरंच काही छापलेलं होतं. ते विपुलनं वाचलं नव्हतं आणि कल्पितानंही नाही. तिनं गटाची बैठक घेतली, शिंपला बंद झाला. सगुणाबाई ओटीवरून म्हणाली, "शिंपल्याबिगर कोंबडी अंडं कशाचं घालंल गो? अंडी पान्यासारकी व्हतील. कोंबड्या पाय मोडून बसतील. बघा, पस्तावाल." बायका हसल्या. म्हातारीचं काम गेलं म्हणून म्हातारी चिडली, असं सगळ्यांनी धरलं.

पुढं दीड महिन्यात अंडी पाण्यासारखी झाली. कोंबड्या पाय मोडून बसल्या. उचलायला जावं तर पंखाचं हाड हातात मोडे.

डोकं ठिकाणावर असलेल्या गावात काय झालं असतं? माणसं म्हातारीकडं गेली असती, म्हणाली असती, बाई, तुझं बरोबर होतं. तळखारात उलटं झालं. ती बोलली आणि तसंच झालं, म्हणजे ती बोलली म्हणूनच झालं. झाली जीभ काळी. आणि कपाळ बघा, विपुलच बाबाला घेऊन आला होता. पुडीबद्दल बायका त्याला जाब विचारायला लागल्या, तेव्हा त्यानं बाबाला मिनीडोरमधून उतरवला.

बाबांनी त्याच रविवारी आठही घरांना पांढऱ्या अंगाऱ्याच्या पिशव्या दिल्या. रोज मावळतीला कोंबड्यांपुढं मूठमूठ टाकायचा. अट एकच. त्या काळ्या जिभेच्या बाईची नजर शेडवर पडता कामा नये आणि तिनं तोंडातून शब्द काढता कामा नये.

सगुणाबाईनं आपली वळकटी उचलली आणि ती मागच्या लाकडाच्या पडवीत राहायला गेली. कुणी सांगितलं नाही, तीच गेली. कल्पिता दारात उभी राहून बघत होती. "आई, थोडे दिवसच," एवढंच तिला बोलता आलं.

आणि तिसऱ्या दिवशी अंडी टणक झाली.

खरंच झाली, यात खोटं काही नाही. कल्पितानं सकाळी टोपलीत हात घातला आणि तिला रडूच आलं. अंडं अंड्यासारखं लागत होतं. आठही घरांत तेच. गावात बाबांच्या नावाचा गजर झाला. कल्पिताही गेली, बाबांच्या पायांवर डोकं ठेवून आली. आता कुठं तोंड आहे शंका काढायला?

कोंबड्या मात्र बसल्या होत्या त्या बसल्याच होत्या. पाय काही धरेना. रोज एखादी मरत होती. आणि नवव्या दिवशी अंगारा संपला, बारा-तेराव्या दिवसापासून अंडी पुन्हा मऊ यायला लागली.

विपुलनं बाबांना फोन लावला. बाबांनी फोनवरच निकाल दिला: जीभ अजून जागी आहे. येत्या रविवारी जिभेला डाग द्यायचा. तांब्याची सळई तापवून, मंत्र म्हणून, एकदाच. मग नवीन अंगारा. बुधाजी गावकीचा निरोप घेऊन दारात आले.

"कल्पिता, आठ घरांचा प्रश्न हाय," ते म्हणाले. त्यांना कल्पिताच्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता. "तुमी न्हाय म्हनलात तर गाव तुमाला वाळीत टाकंल. मंग पानी भरायलापन कोन बोलावनार न्हाय. मी एकटा काय करू?"

"काका, आईंची जीभ भाजणार तुम्ही?"

"बाबा म्हनतात, दुखत न्हाय."

परेश, कल्पिताचा नवरा, कंटेनर घेऊन गुजरातेत होता. तिनं फोन केला. मागं ट्रकांचे हॉर्न वाजत होते. "गावाशी वाकडं घेऊ नको," तो म्हणाला. "आईला आत्याकडं म्हसळ्याला पाठव, नायतर… मी मंगळवारी येतो, मंग बघू." रविवार मंगळवारच्या आधी येतो हे त्याला कोण सांगणार. तिनं फोन ठेवून दिला.

संध्याकाळी ती पडवीत गेली. सगुणाबाई लाकडाला टेकून बसली होती, पदर तोंडावर गच्च धरून. पाच वर्षांची अमिषा तिच्या मांडीवर रेलून विचारत होती, "आजी, बोल ना. गोष्ट सांग ना." म्हातारी नुसती मान हलवत होती. नातीच्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि तोंड उघडत नव्हती. बारा दिवस ती नातीशी एक शब्द बोलली नव्हती. चुकून काही वंगाळ निघालं आणि ते खरं झालं तर?

"आई, चला, उद्या म्हसळ्याला सोडते तुम्हांला. पहाटेच्या गाडीनं."

सगुणाबाईनं आधी अमिषाला बाहेर पाठवलं. मग भिंतीकडं तोंड करून, कल्पिताशिवाय कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलली. "न्हाय जायचं मना. घेते मी डाग. माज्या तोंडानं मुके जीव मरत असतील तर ही जीभ कशाला ठेवायची?"

कल्पिता तिथंच खाली बसली. सासू भांडली असती, शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. म्हातारीला पटलं होतं. सगळ्या गावाला पटलं होतं. आणि खोटं कशाला बोला, कल्पिताच्या मनाच्या एका कोपऱ्यात तिलाही अजून पटत होतं, आणि त्याची तिला भीती वाटत होती.

शनिवारी सकाळी तिनं एक पाय मोडलेली कोंबडी करंडीत घातली, अंगाऱ्याची रिकामी पिशवी करंडीवर झाकली आणि अलिबागला जनावरांच्या दवाखान्यात गेली. बाबावर विश्वास उडाला होता म्हणून गेली असं नाही. काहीतरी करायला हवं होतं आणि दुसरं काही सुचत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टर नूतन म्हणून बाई होत्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. त्यांनी कोंबडी हातात घेतली, छातीचं हाड बोटानं दाबलं. हाड वाकलं.

"खायला काय घालता?"

"कोंडा, मक्याचा भरडा, पेंड. आणि एन्झाइमची पुडी."

"पुडी कशी देता?"

"पेजेत. सकाळी पेज उकळली की त्यात कोंडा टाकते, भरडा टाकते, पुडी टाकते, रटरट शिजवते. सगळ्या गटाला मीच शिकवलं. आमच्याकडं गार अन्न कुत्र्यालापण घालत नाहीत, मॅडम. थंडीचे दिवस, मुकी जनावरं."

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "बाई, दही लावताना विरजण उकळत्या दुधात घालतेस?"

"नाही. कोमट करून. उकळत्यात विरजण मरतं."

"एन्झाइम काही जिवंत नसतं, पण उकळल्यावर तेही कामातून जातं. हाडाला फॉस्फरस लागतो. कोंड्यात तो भरपूर असतो, पण कुलपात. एन्झाइम ते कुलूप उघडतं. तू रोज चावी उकळून फुकट घालवलीस, आणि चावी आहे म्हणून वरचं खनिज निम्मं केलंस. म्हणून पाय गेले. आता अंड्याचं सांग. शिंपला देता?"

"द्यायचो. बंद केला. पुडीत सगळं येतं असं सांगितलं."

"कुणी सांगितलं? एका अंड्याच्या कवचाला दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम लागतं, रोज. ते कुठल्याही पुडीतून जन्माला येत नाही. ते शिंपल्यातूनच येत होतं. तुम्ही बंद केलंत, तर कोंबडीनं आपल्या हाडातलं काढून अंड्याला दिलं. हाड संपलं, अंडं मऊ पडलं."

कल्पिताच्या कानात एकच वाक्य घुमत होतं. शिंपल्याबिगर कोंबडी अंडं कशाचं घालंल गो.

"मग अंगाऱ्यानं तिसऱ्या दिवशी अंडी टणक कशी झाली?" तिनं विचारलं आणि पिशवी पुढं केली. शिवणीत चिमूटभर पांढरी पूड अडकली होती. डॉक्टरांनी ती बशीत झटकली, आपल्या जेवणाच्या डब्यातली लिंबाची फोड घेऊन तिच्यावर पिळली. पूड फसफसून वर आली. मग त्यांनी दवाखान्याबाहेरच्या ऑम्लेटवाल्याकडून अंड्याचं टरफल मागवलं, त्याच्यावर लिंबू पिळलं. तेही फसफसलं.

"तुझा अंगारा म्हणजे शिंपल्याची पूड," डॉक्टर म्हणाल्या. "कापूर आणि चिमूटभर राख घालून सजवलेली. कॅल्शियम मिळालं की कवच दोनतीन दिवसांत सुधारतं. त्यात चमत्कार काय? पाय सुधारले नाहीत, कारण शिंपल्याच्या पुडीत फॉस्फरस कुठून येणार?"

कल्पिता बशीकडं बघत राहिली. "बाबाच्या तीर्थातपण अंड्यातून असेच बुडबुडे निघतात."

"मग तीर्थ आंबट असणार. चाखलंय कुणी?"

"चाखायचं नाही. दोष असला तर जीभ जळते म्हणतात."

डॉक्टर हसल्या आणि मग कल्पिताचा चेहरा बघून हसायच्या थांबल्या. कल्पितानं मग उद्याचं सगळं सांगितलं. सळईचं, वाळीत टाकायचं, आणि सासूचं नाव कुणी घेतलं तेही. डॉक्टर म्हणाल्या, "यासाठी कायदा आहे. जादूटोण्याविरुद्धही आहे आणि वाळीत टाकण्याविरुद्धही. मी पोलीस ठाण्यात जाते, उद्या येते. मी येईपर्यंत काहीही करून ते थांबव."

दुसऱ्या दिवशी दहा वाजले तरी डॉक्टरांचा पत्ता नव्हता. मांडव मात्र भरला होता. शेगडीत निखारे होते आणि निखाऱ्यांत तांब्याची सळई. शेगडीपुढं पाटावर सगुणाबाई बसली होती, धुतलेलं लुगडं नेसून, केस विंचरून. कुणी धरून आणली नव्हती. बाजूला दोन्ही बरण्या, आणि नव्या अंगाऱ्याचं अख्खं पोतं.

"आज या गावाचं कवच पुन्हा शिवलं जाणार," बाबा माईकमध्ये म्हणत होते. "माते, घाबरू नकोस. हा डाग नाही, हे ऑपरेशन आहे. ऊर्जेचं ऑपरेशन. जीभ काढ."

सगुणाबाईनं डोळे मिटले आणि जीभ बाहेर काढली.

कल्पिता उठली आणि सरळ मांडवाच्या मधोमध गेली. "बाबा, आधी मला तीर्थ द्या."

"वहिनी, खाली बसा," विपुल म्हणाला.

"बसते ना. माझ्या घरात दोष आहे का, ते मला आधी बघायचंय." आणि कुणी हात धरायच्या आत तिनं बरणीत ओंजळ घातली आणि प्यायली. माणसं तिच्या तोंडाकडं बघत होती, आता धूर निघेल म्हणून. कल्पितानं तोंड पुसलं.

"आंबट आहे," ती म्हणाली. मग ओंजळ भरून बुधाजींपुढं गेली. "काका, तुम्ही चाखा."

बुधाजी मागं सरकले. "मी कशाला?"

"दोष असेल त्याची जीभ जळते. तुमच्यात दोष नाही ना? मग घाबरता कशाला?"

आता बुधाजींची पंचाईत. चाखावं तर भीती, न चाखावं तर सगळ्या गावासमोर दोष कबूल. त्यांनी बोटाचं टोक बुडवलं, जिभेला लावलं, डोळे मिटले. मग एक डोळा उघडला. पुन्हा बोट बुडवलं. "आयला," ते म्हणाले, "हे तर लिंबूसत."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. बाबांनी माईक जवळ ओढला. "तीर्थाची चव भक्ताच्या भावाप्रमाणे बदलते. मूर्ख बाई, त्या अंड्यातून करणी श्वास सोडते ते गावानं डोळ्यांनी बघितलंय."

"बघितलंय ना," कल्पिता म्हणाली. तिनं पदराच्या गाठीतली चिमूट काढली. शेजारणीच्या पिशवीच्या तळाशी उरलेला, बाबांचाच अंगारा. तो तिनं बरणीत टाकला. बरणी फसफसली, फेस वर चढला. "ही कुणाची करणी, बाबा? हा तर तुमचा अंगारा."

"त्यानं तुमच्या घरातली करणी शोषून घेतली आहे," बाबा ताडकन म्हणाले.

"बरं. मग कुणाच्याच घरात न गेलेला घेऊ." तिनं नव्या पोत्याचं तोंड सोडलं, मूठ भरली आणि बरणीत ओतली. फेस काठावरून उतू जाऊन वाघाच्या ब्लँकेटवर आला. बाबा उठून उभे राहिले. बायका आता बसल्या जागेवरून उठून पुढं येत होत्या.

कल्पितानं दुसऱ्या बरणीतलं मठातलं अंडं बाहेर काढलं, ते हाताला निसरडं लागलं म्हणून नखानं खरवडलं. नखात पांढरट, चिकट सालपट आलं. तिनं ते हातावर घेऊन फिरून सगळ्यांना दाखवलं. मेणबत्तीचं मेण. खरवडलेलं अंडं तिनं पुन्हा त्याच दुसऱ्या बरणीत सोडलं, आणि त्या पवित्र अंड्यातूनही बुडबुडे निघायला लागले.

गटातल्या एका बाईनं पिठाची चाळणी आणली. पोत्यातला अंगारा चाळला. चाळणीत उरले ते चकचकीत कपचे तळखारात ओळखायला शास्त्रज्ञ लागत नाही. कालवाचा शिंपला. तीन वर्षं म्हातारी कुटून दारोदार वाटत होती, तोच.

"साधूचा अपमान भोवेल," बाबा म्हणाले, पण माईकपासून लांब जाऊन म्हणाले. विपुलनं तोवर मोटरसायकल चालू केली होती, बाबा धावत जाऊन मागं बसले. रस्त्याच्या तोंडालाच त्यांना पोलिसांची गाडी आडवी आली. गाडीत डॉक्टर नूतन होत्या. ठाण्यात कागदपत्रं करण्यात उशीर झाला म्हणाल्या.

मग डॉक्टरांनी सगळ्यांना पेजेचं सांगितलं, विरजणाचं सांगितलं. पुडी गार खाद्यात मिसळा, खनिज पूर्ण करा, शिंपला चालू करा. कल्पितानं माईक हातात घेतला. "उकळायचं मी शिकवलं. शिंपला मी बंद केला. आणि त्या दिवशी आईंचं नाव मीच घेतलं. कुणाला डाग द्यायचाच असेल तर मी आहे."

बुधाजी चपला शोधायला लागले.

तेव्हा कल्पिताची नजर पाटाकडं गेली. सगुणाबाई अजून तशीच बसली होती. डोळे मिटलेले, हात गुडघ्यांवर, आणि जीभ बाहेर. एवढा गोंधळ झाला, बाबा पळाला, पोलीस आले, आणि म्हातारीला जीभ आत घे म्हणून सांगायचं गावातल्या एकालाही सुचलं नव्हतं. कल्पितालाही नाही.

शिंपला सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी अंडी टणक आली. महिन्याभरात बऱ्याच कोंबड्या उठून फिरायला लागल्या. ज्यांची हाडं फार गेली होती त्या गेल्या. गटाच्या बायका एकेक करून आल्या, सगुणाबाईच्या पाया पडल्या, रडल्या. ती हात वर करून आशीर्वाद दिल्यासारखं करी आणि गप्प राही. पडवीतून घरात आली, पण तोंड उघडेना. अमिषानंही गोष्ट मागायचं सोडून दिलं. अंड्याचं कवच चार दिवसांत परत आलं. म्हातारीच्या मनात बसलेली भीती कशानं काढायची, ते कुठल्या दवाखान्यात विचारायचं हे कल्पिताला कळत नव्हतं. माफी मागून झाली. देवाची शपथ घालून झाली. शेवटी एका दुपारी ती सासूपुढं जाऊन बसली आणि तिनं सरळ विचारलं.

"आई, अंडी पाण्यासारखी होतील हे तुम्हांला कसं कळलं होतं?"

सगुणाबाईनं तिच्याकडं पाहिलं. इतक्या दिवसांत हा प्रश्न तिला कुणी केलाच नव्हता.

"माज्या आयकडं," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजाला दचकून थांबली. काही वाईट घडलं नाही असं बघून पुढं बोलली. "माज्या आयकडं वीस कोंबड्या व्हत्या. एका वर्साला खाडीला ऑइल आलं, कालवं मेली, शिंपला घावला न्हाय. तवा अंडी अशीच पान्यासारकी झाली. कोंबड्या पाय मोडून बसल्या. मी ल्हान व्हते. बघितलं व्हतं गो मी. म्हनून सांगितलं."

एवढंच होतं. तळखारच्या एकाही माणसानं पहिल्याच दिवशी हे विचारलं असतं, तर शेगडी पेटवावी लागली नसती. तुमच्याही गावात कुणीतरी काहीतरी सांगतं, आणि पुढं ते खरं होतं. तेव्हा बाबाकडं पळू नका. सांगणाऱ्यापुढं बसा आणि विचारा, तुला कसं कळलं. उत्तर ऐकून घ्या, पडताळून बघा. खोटं निघालं तर सोडून द्या, खरं निघालं तर शिकून घ्या. पण विचारा. सळई निखाऱ्यात ठेवायच्या आधी विचारा.